फळा कोणाच्या मालकीचा? मूडल, ओपन एडएक्स आणि महालातल्या काकू

महालातूनच बोलतोय, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये मागे बडकस चौकाकडचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

आजची गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका काकूंपासून सुरू होते. लॉकडाऊनमध्ये काकूंनी दहावीचं गणित मोबाइलवर शिकवायला घेतलं. एका ॲपवर व्हिडिओ टाकले, चाचण्या बनवल्या, पोट्ट्यांच्या शंकांना रात्री उशिरापर्यंत उत्तरं लिहिली. पुढे ते ॲप बंद पडलं. व्हिडिओ फोनमध्ये होते म्हणून वाचले. चाचण्या, मार्क, शंकांची उत्तरं, सगळं गेलं. काकू मला म्हणाल्या, "काऊन रे, मेहनत माझी न् मलाच परत मिळत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला जरा मागे जावं लागेल.

ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला एलएमएस म्हणतात, म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. हजेरी, धडे, गृहपाठ, परीक्षा, चर्चा हे सगळं एका जागी. आपल्याकडे घरबसल्या शिकायची कल्पना यापेक्षा जुनी आहे. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. ब्रीद होतं 'ज्ञानगंगा घरोघरी'. पुस्तकं घरी न्यायची, अभ्यासकेंद्रावर जायचं. पुस्तक एकदा हातात आलं की ते तुमचं. इंटरनेट आल्यावर नेमकी हीच गोष्ट बदलली. वर्ग तुमचा, पण खोली दुसऱ्याची.

1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात मार्टिन डूगियामस नावाचा माणूस वेबसीटी नावाचं एलएमएस सांभाळायचा. हा गडी लहानपणी वाळवंटातल्या दूरच्या वस्तीत वाढला होता. शाळा रेडिओवरून भरायची! त्यामुळे लांबून शिकण्यातली अडचण त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. वेबसीटी विकत घेतलेलं होतं, आतून बदलता येत नव्हतं. वैतागून त्याने स्वतःचं लिहायला घेतलं आणि ऑगस्ट 2002 मध्ये मूडल 1.0 बाहेर आलं. लायसन्स जीपीएल. म्हणजे काय, तर कोणीही वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. अट एकच: बदललेलं वाटलंत, तर पुढच्यालाही हेच हक्क द्या.

आता खरा ड्रामा. अमेरिकेत ब्लॅकबोर्ड नावाची कंपनी होती. नावच बघा, फळा! तिने 2006 च्या सुरुवातीला वेबसीटी विकत घेतलं. त्याच जानेवारीत तिला अमेरिकेत एक पेटंटही मिळालं होतं. त्यातला महत्त्वाचा दावा साध्या भाषेत सांगतो: एकाच खात्याने लॉगिन करायचं, आणि तोच माणूस एका कोर्समध्ये शिक्षक, दुसऱ्यात विद्यार्थी. अरे भाऊ, आपल्याकडे सकाळी कॉलेजात मागच्या बाकावर बसणारा पोट्टा संध्याकाळी ट्यूशनमध्ये 'सर' असतो की! पण कॉम्प्युटरवर ही गोष्ट आमची, असं कंपनीचं म्हणणं होतं. जुलै 2006 मध्ये तिने डिझायरटूलर्न या कॅनडाच्या कंपनीवर खटला भरला.

खटला एका कंपनीवर होता, पण घाबरले सगळेच. उद्या मूडलवर नोटीस आली तर? फुकट सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे वकिलाला द्यायला पैसे कुठून येणार? तेव्हा जगभरच्या शिक्षकांनी आणि प्रोग्रामरांनी इतिहास गोळा करायला घेतला. विकिपीडियावर एक लांबलचक यादी तयार झाली: कॉम्प्युटरवर शिकवायचे आजवरचे सगळे प्रयत्न, थेट 1960 मधल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो प्रणालीपासून. मुद्दा एवढाच, की हे तुमच्याआधी कितीतरी लोकांनी केलंय. मूडल, साकाई आणि एट्यूटर या मुक्त प्रकल्पांच्या वतीने पेटंटची फेरतपासणी मागितली गेली. फेब्रुवारी 2007 मध्ये ब्लॅकबोर्डने जाहीर केलं, की मुक्त प्रकल्पांवर आम्ही हे पेटंट चालवणार नाही. डिझायरटूलर्नचा खटला मात्र चालूच राहिला. 2008 मध्ये ज्युरीने ब्लॅकबोर्डच्या बाजूने सुमारे 31 लाख डॉलरची भरपाई ठरवली. 2009 मध्ये अपिलात निकाल उलटला, खटल्यातले पेटंटचे दावे अवैध ठरले.

शाळेत आपण विचारायचो ना, इतिहास शिकून काय उपयोग? इथे झाला बघा उपयोग.

आता मुंबईला येऊ. मे 2012 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून एडएक्स सुरू केलं. वर्षभराने, 1 जून 2013 ला, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. त्याला म्हणायचं ओपन एडएक्स. त्याच सुमारास आयआयटी मुंबई एडएक्समध्ये सहभागी झाली. तिथले प्राध्यापक दीपक फाटक तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजच्या हजारो शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण देण्याच्या कामात होते. त्यांच्या गटाने फक्त परदेशी साइटवर कोर्स टाकून थांबायचं नाही असं ठरवलं. खुला कोड घेतला, आपल्या गरजेप्रमाणे बदलला आणि आपला मंच उभा केला: आयआयटीबॉम्बेएक्स. आपल्या कॉलेजांमधल्या शिक्षकांनी ऑनलाइन कोर्स वर्गातल्या शिकवण्याला जोडून वापरावा, हा त्यातला एक प्रयोग होता.

याचं महत्त्व 2021 मध्ये कळलं. एडएक्स 80 कोटी डॉलरला टूयू नावाच्या कंपनीला विकलं गेलं. पुढे जुलै 2024 मध्ये त्याच टूयूने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला. विचार करा, तुमचं अख्खं विद्यापीठ तिथेच असतं तर? पण ओपन एडएक्सचा कोड विक्रीत अडकला नाही, तो एका ना-नफा संस्थेकडे राहिला. आणि ज्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर आपली प्रत चालवली होती, त्यांच्या वर्गाला कुलूप लावायची चावी टूयूकडे नव्हतीच.

हा धागा आपल्याकडे पुढेही दिसतो. बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केलाय ना? त्यामागचं दीक्षा हे व्यासपीठ सनबर्ड नावाच्या मुक्त कोडवर उभं आहे. ईआरपीनेक्स्ट बनवणारी मुंबईची फ्रॅपे कंपनीही स्वतःचं एलएमएस खुलं ठेवते.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मुक्त म्हणजे फुकटात सगळं, असं नाही. सर्व्हरचं भाडं लागतं, अपडेट करावे लागतात, बॅकअप कोणीतरी आठवणीने घ्यावा लागतो. तयार ॲप सोपं असतं, म्हणूनच काकू तिकडे गेल्या होत्या. त्यात त्यांची काही चूक नाही.

मागच्या महिन्यात मी काकूंना मूडल टाकून दिलं. त्यांनी पहिला धडा चढवला, वर्गसमीकरणं. मग मी त्या अख्ख्या कोर्सचा बॅकअप घेऊन पेन ड्राइव्हवर त्यांच्या हातात ठेवला. उद्या माझा सर्व्हर बंद पडला तरी ही फाइल तेवढ्याच किंवा नव्या आवृत्तीच्या दुसऱ्या मूडलवर उघडेल. काकूंनी पेन ड्राइव्ह पदराला बांधायचाच बाकी ठेवला.

मग त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. मूडलचा मराठी अनुवाद आहे, पण अपुरा. अर्धी बटणं मराठीत, अर्धी इंग्रजीत. "हे बाकीचं कोण करत असतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कोणीही करू शकतं काकू. तुम्ही-आम्हीच." त्यावर काकू म्हणाल्या, "मग बसला काहून आहेस?"

तर मंडळी, त्या रात्री मी अनुवादासाठी खातं उघडलंय. दररोज जेवण झालं की थोडे शब्द करतो, काकू तपासतात. 'क्विझ'ला चाचणी म्हणायचं की प्रश्नमंजूषा, यावर आमचं अजून भांडण चालू आहे. तुमचं मत कळवा, आणि जमलं तर दोन बटणं तुम्हीही करा. भेटू पुढच्या भागात!