जुन्या होडीचे मोल

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेले गिऱ्हाईक काय करते, हे आपण जाणताच. आधी दात पाहते, मग खूर उचलून बघते, चार पावले चालवते, थोडे पळवते. विकणारा गुण सांगतो, घेणारा खोड शोधतो. समुद्रकाठी जुनी शिडाची होडी विकायला निघाली म्हणजेही असेच घडते. तळाच्या फळ्या ठोकून पाहतात, सांध्यांतून पाणी झिरपते का ते बघतात, डोलकाठी आणि शिडे तपासतात. अशाच एका न झालेल्या सौद्याची हकिगत आज सांगायची आहे.

तापीकाठच्या माणसाला समुद्राच्या होडीशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. शिक्षक बंधूंनी वर्गात नकाशा उघडावा. मुलताईला उगम पावलेली तापी चांगदेवला पूर्णेला घेते, मुडावदला पांझरेला घेते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. खडकाळ पात्रामुळे समुद्रातली गलबते आपल्याकडे कधी आली नाहीत. पण बऱ्हाणपूरचे कापड आणि इकडची नीळ बैलगाड्यांतून सुरतेच्या बंदरापर्यंत जात असे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला, तो नंदुरबारवरूनच.

याच सुरतेत जहाजे बांधणारे कसबी सुतार होते. त्यांपैकी लवजी नसरवानजी वाडिया यांना १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईस नेले. त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत सागवानी जहाजे बांधली. सागाच्या लाकडात अंगचे तेल असते, त्यामुळे ते सहसा कुजत नाही, आणि त्यात बसवलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही.

मुंबईच्या या सुतारकीचा वारसा आपल्या काळापर्यंत आला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज खलाशी व्यापारी जहाजावर अधिकारी होता. त्याने मुंबईत कुलाब्याला एक सागवानी होडी बांधून घेतली. लांबी अवघी ३२ फूट. आपल्या सुतारांनी वाकस चालवून आणि दोरीच्या सामत्याने भोके पाडून ती हाताने घडवली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. इराणच्या आखातातील एका वाऱ्याच्या अरबी नावावरून तिचे नाव ठेवले ‘सुहैली’. याच होडीतून तो आफ्रिकेला वळसा घालून १९६७ साली इंग्लंडला पोहोचला.

तिथे त्याच्या मनाने घेतले की, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. त्यासाठी त्याला मोठी, पोलादी, वेगवान होडी हवी होती. पैसा नव्हता. तेव्हा पेरणीच्या तोंडावर आपला शेतकरी जोडीतला एक बैल बाजारात नेतो, तसा त्याने सुहैली विकण्याचा बेत केला.

आता बाजाराची रीत पाहा. शर्यतीची होडी हलकी आणि चपळ असावी लागते. सुटीत मुलाबाळांसह फिरायची होडी स्थिर, निजायची सोय असलेली, पाण्याच्या टाक्या वाहणारी असावी लागते. या दोन्ही कामांना चालेल तिला गिऱ्हाईक लवकर मिळते. जो बैल औताला चालतो आणि पटावरही पळतो, त्याला जशी मागणी असते तशीच. सुहैली मात्र जड आणि संथ. तिचा आराखडा नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांवरून घेतलेला. वादळात तग धरणे हा तिचा गुण, पण तो बाजारात उभ्या उभ्या दिसत नाही. सौदा जमला नाही, आणि नव्या होडीचा बेतही बारगळला. अखेर तो जुनी होडी घेऊनच निघाला.

१४ जून १९६८ रोजी त्याने फालमथ बंदर सोडले. एका वृत्तपत्राने लावलेल्या या स्पर्धेत एकूण नऊजण उतरले होते. अटलांटिकमध्येच सुहैलीच्या तळाचे सांधे उघडले, पाणी आत येऊ लागले. त्याने समुद्रात बुडी मारून त्या भेगांवर कापसाची वात शिवलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकून बसवली. बरं का, महासागरात होडी तरली ती कापसावर! होडीचा सांधा न् सांधा त्याला ठाऊक होता, म्हणूनच हे जमले. टेटली यांची तीन कण्यांची वेगवान होडी परतीच्या वाटेवर फुटली. इतरही कुणी शर्यत पुरी करू शकले नाही. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहैली फालमथला परत आली. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला. मिळालेले ५,००० पौंडांचे बक्षीस त्याने त्या शर्यतीत प्राणास मुकलेल्या क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

अशी फसगत बाजाराची पूर्वीही झाली होती. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे युद्धजहाज १८१७ साली पाण्यात उतरले. १८९७ साली ते मोडीत विकले गेले. एका जाणत्या गृहस्थाने ते मोडणाऱ्याकडून विकत घेतले आणि मुलांना दर्यावर्दीपण शिकवण्यासाठी वापरले. ते आज इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

तेव्हा जुने अवजार, जुनी गाडी, जुनी होडी विकू नये असे नाही. गरज कुणाला चुकली आहे? परंतु बाजारात जी ठरते ती किंमत. ती विकणाऱ्याच्या नडीवर आणि घेणाऱ्याच्या हौशीवर चढते-उतरते. मोल त्याहून वेगळे. ते घडवणाऱ्याच्या हातात आणि वापरणाऱ्याच्या माहितीत असते. गिऱ्हाईक परत गेले म्हणून वस्तू टाकाऊ ठरत नाही, एवढे सुहैलीच्या गोष्टीवरून ध्यानात ठेवावे.