परतीचे सूर

'टॅटू' म्हटले की मराठी वाचकाला गोंदण आठवते. लष्करी 'टॅटू'चे मूळ मात्र सतराव्या शतकातील डच भाषेत आहे. रात्री ढोलवादक छावणीलगतच्या वस्तीतून फिरत. तो नाद ऐकताच मद्यविक्रेत्यांनी पिंपांच्या तोट्या बंद करायच्या आणि शिपायांनी मुक्कामी परतायचे, असा दंडक होता. 'तोटी बंद करा' या अर्थाच्या शब्दांतूनच हे नाव घडले. सूर्यास्तसमयीची 'रिट्रीट' ही याच कुळातील. आपल्याकडील नगारखान्यांतला चौघडाही प्रहरांची जाणीव देतच वाजे. अशा रीतीने लष्करी संगीताच्या मुळाशी रंजनापूर्वी आज्ञा होती.

पुढे या आज्ञेचा सोहळा झाला. एडिंबरोच्या किल्ल्यासमोर १९५० मध्ये वार्षिक टॅटू सुरू झाला. दिल्लीत पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मेजर रॉबर्ट्स यांनी पलटणींच्या एकत्रित बँडवादनातून 'बीटिंग रिट्रीट'ला भारतीय रूप दिले. वादकांच्या शिक्षणाचे केंद्र झाले मध्य प्रदेशातील पचमढी. त्याच प्रदेशातील जबलपूर हे पलटणींचे नगर. रिछाईची औद्योगिक वसाहत आणि १९०४ चा तोफगाडी कारखाना जेथे आहे, तेथेच ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षण केंद्रे आहेत. पैकी ग्रेनेडियर्सची मुळे जुन्या मुंबई सैन्यात पोहोचतात. नव्या जवानाच्या शपथविधीची पावले बँडच्याच तालावर पडतात आणि युद्धकाळी जखमींची डोली वाहण्याचे काम परंपरेने याच वादकांकडे येते. त्यांच्या संगीताला निव्वळ शोभा मानणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

मग प्रश्न उरतो तो सुरांच्या स्वामित्वाचा. हेन्री लाइट यांचे १८४७ चे 'अबाइड विथ मी' हे प्रार्थनागीत दिल्लीच्या सोहळ्यातून २०२२ मध्ये वगळले गेले आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' आले. त्याचे कवी प्रदीप मध्य प्रदेशातील बडनगरचे, संगीतकार सी. रामचंद्र मराठी, २७ जानेवारी १९६३ रोजी ते दिल्लीत गायिले लता मंगेशकरांनी. आपलेपणाचा हा लाभ मोठाच आहे. तथापि जुने प्रार्थनागीत गांधीजींना प्रिय होते, आणि कित्येक पिढ्यांच्या भारतीय वादकांनी ते आपल्या श्वासाने जिवंत ठेवले होते. सूर कोठून आला याइतकेच तो कोणी सांभाळला यालाही इतिहासात स्थान हवे. सूर कोणताही असो, सांज होताच शिपायाने सुखरूप परतावे, ही त्यामागची मूळ आज्ञा आजही तीच आहे.