अर्ध्या फायलीचा नकाशा : हरवलेली डाउनलोड परत मिळवण्याचा इतिहास (धागा)

१/ सन २००३-०४ च्या सुमारास जगभर असंख्य घरांत घडलेला प्रसंग. संगणकाच्या 'टेम्प' फोल्डरात '००१.पार्ट' नावाची फाइल तीन आठवडे रात्रंदिवस भरत आली आहे. अचानक वीज जाते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ईम्यूलच्या यादीतून ती फाइल नाहीशी झालेली असते. डिस्कवर मात्र ती जशीच्या तशी, शेकडो मेगाबाइट जागा अडवून बसलेली दिसते. माल घरात आहे, पण तो कशाचा आणि किती खरा हे सांगणारा कागद हरवला आहे. हा धागा त्या कागदाविषयी आहे.

२/ मागे जाऊ. १९७७ मध्ये शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टनसन यांनी 'एक्समोडेम' ही पद्धत रचली. फाइल १२८ बाइटांच्या तुकड्यांत पाठवायची आणि प्रत्येक तुकड्यासोबत बेरजेचा एक ताळा द्यायचा. ताळा जुळला नाही तर तो तुकडा पुन्हा मागवायचा. मात्र फोनच तुटला, तर सारे पहिल्यापासून.

३/ १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांच्या 'झेडमोडेम'ने यावर उपाय काढला. आपल्याकडील अर्धवट फाइल किती लांब आहे हे घेणारा सांगतो, आणि देणारा तेथून पुढे पाठवू लागतो. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्यात हीच सोय वेबसाठी आली. फायलीचा हवा तेवढाच भाग मागता येऊ लागला, आणि 'गेटराइट'सारखे डाउनलोड मॅनेजर त्यावरच उभे राहिले.

४/ भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा लाइन तुटणे हा अपवाद नव्हता, नित्यक्रम होता. फोनचे मीटर पडत असताना 'रिझ्यूम' या शब्दाला काय मोल होते, हे त्या पिढीला वेगळे सांगावे लागत नाही.

५/ या साऱ्या पद्धतींमागे एक गृहीतक होते. फाइल म्हणजे गुंडाळी, ती वरून खाली उलगडत जाते. जेवढी उलगडली तेवढी खरी, पुढची कोरी. लांबी मोजली की सारे कळले. फाइल-शेअरिंगने हेच गृहीतक मोडले.

६/ १९९९ च्या नॅपस्टरमध्ये एक गाणे एकाच व्यक्तीकडून येई. सप्टेंबर २००० मध्ये जेड मॅककेलेब यांचे 'ईडॉन्की२०००' आले आणि एकच फाइल अनेकांकडून एकाच वेळी घेता येऊ लागली. कुणाकडून मधला भाग, कुणाकडून शेवटचा, कुणाकडून सुरुवातीचा. मे २००२ मध्ये हेंड्रिक ब्राइटक्रॉइट्झ यांनी त्याला पर्याय म्हणून 'ईम्यूल' सुरू केले. त्याचा स्रोत खुला होता, म्हणून ते अधिक टिकले.

७/ आता शेवटचा तुकडा आधी आला, तर फाइल पहिल्याच दिवशी पूर्ण लांबीची दिसे, आणि मध्ये सारी भोके. लांबीवरून काहीच समजेना. म्हणून नकाशा आवश्यक झाला. प्रत्येक '००१.पार्ट' शेजारी '००१.पार्ट.मेट' ही अगदी छोटी फाइल असे. तिच्यात मूळ नाव, आकार, ताळ्यांची यादी आणि रिकाम्या जागांची नोंद. शेकडो मेगाबाइटांचे भवितव्य त्या काही किलोबाइटांवर अवलंबून होते.

८/ आणि नेमकी तीच वारंवार नव्याने लिहिली जाई, कारण नवा भाग आला की नकाशा बदलणारच. लिहिता लिहिता वीज गेली तर? विंडोजची एनटीएफएस व्यवस्था फायलींची रचना सांभाळते, आतल्या मजकुराची हमी देत नाही. मेट फाइल नावाने उरे, आत निव्वळ शून्ये. महाराष्ट्रात ते भारनियमनाचे दशक होते. बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड योजनांत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत असे. संगणक रात्रभर चालू आणि घरातले झोपलेले, अशा वेळी वीज गेली तर पाहणार कोण?

९/ पहिला उपाय साधा होता. ईम्यूल 'पार्ट.मेट.बॅक' नावाची एक जुनी प्रत ठेवी. कार्यक्रम बंद करायचा, खराब मेट काढायची, बॅकचे नाव बदलून तिच्या जागी ठेवायची. मधल्या काळातील थोडी प्रगती नोंदीतून जाई, पण बाकीचे वाचे. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जणांनी चांगले पार्ट कचरापेटीत टाकले असतील.

१०/ बॅकही गेली तर? येथे ईडॉन्कीची मूळ रचना कामी आली. फायलीचे ९७ लाख २८ हजार बाइटांचे भाग पाडून प्रत्येकाचा एमडी४ ताळा काढला जाई, आणि त्या ताळ्यांचा मिळून एक ताळा म्हणजेच फायलीची ओळख. ७०० मेगाबाइटांच्या सीडीचे असे ७६ भाग होतात. नकाशा हरवला तरी प्रत्येक भाग स्वतःविषयी साक्ष देऊ शकत होता.

११/ म्हणून लोकांनी एक गमतीची युक्ती वापरली. मेट फाइल कृत्रिमरीत्या बनवायची आणि तिच्यात धडधडीत खोटे लिहायचे, की ही फाइल पूर्ण भरली आहे. मग ईम्यूलला ती तपासू द्यायची. ताळा जुळेल तो भाग राही, न जुळेल तो खराब ठरून पुन्हा मागवला जाई. या कामासाठी स्वतंत्र छोटी साधनेही निघाली. इतिहासात बनावट दस्तऐवज सहसा सत्य झाकण्यासाठी रचले जातात. येथे तो सत्य बाहेर काढण्यासाठी रचला जात होता.

१२/ अडचण एकच. ९० टक्के भरलेला भागही ताळ्याच्या दृष्टीने खराबच, आणि तो सारा वाया जाई. २००४ मध्ये ईम्यूलने प्रत्येक भागाचे १८० किलोबाइटांचे ५३ तुकडे मानून (शेवटचा थोडा लहान) त्यांच्या ताळ्यांचे झाड बांधले. तेव्हापासून एक बिघडलेला तुकडा शोधून तेवढाच बदलता येऊ लागला.

१३/ ब्रॅम कोहेन यांच्या २००१ च्या बिटटोरेंटमध्ये ताळ्यांची यादी आधीच टोरेंट फायलीत असते. त्यांचा सुरुवातीचा कार्यक्रम तर दर वेळी सुरू होताना सारी फाइल पुन्हा तपासे. लोक वैतागत, पण हरवायला वेगळा नकाशाच नव्हता. पुढच्या कार्यक्रमांनी वेळ वाचवण्यासाठी प्रगतीची नोंद वेगळी ठेवली, आणि ती बिघडली की पुन्हा संपूर्ण तपासणीचाच आधार घ्यावा लागला.

१४/ तरी काही फायली सुटल्या नाहीत. मेट गेली म्हणजे नावही गेले. '००१.पार्ट' म्हणजे काय, हे वापरणाऱ्यालाच आठवेना. ओळख सांगणारा दुवा कुठे जपलेला नसेल, तर ताळा जुळवायचा कशाशी? शिवाय भागांच्या ताळ्यांची यादी इतरांकडूनच येई, तेव्हा कुणीतरी शिल्लक असणे आवश्यक होते.

१५/ २१ फेब्रुवारी २००६ रोजी बेल्जियममध्ये 'रेझरबॅक२' हा या जाळ्यातील मोठा सर्व्हर जप्त झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ईडॉन्कीच्या कंपनीने संगीत उद्योगाशी ३ कोटी डॉलरची तडजोड करून कार्यक्रम बंद केला. फिरणारा बराच माल स्वामित्वहक्क मोडणारा होता, यात वाद नाही. पण त्याच जाळ्यात कुणाच्याही दुकानात न मिळणाऱ्या जुन्या ध्वनिफिती आणि दूरदर्शन मुद्रणेही होती. देणारे एकेक करून निघून गेले आणि अशा फायली ९७ टक्क्यांवर थांबल्या.

१६/ त्यांतल्या चित्रफिती अनेकांनी व्हीएलसीने उघडून पाहिल्या. मागची अनुक्रमणिका तुटली आहे, दुरुस्त करू का, असे तो विचारतो. होय म्हटले की चित्र सुरू होते. जेथे भोक आहे तेथे काही क्षण चौकटी विस्कटतात, आवाज तुटतो, आणि पुढच्या शाबूत भागापासून माणसे पुन्हा बोलू लागतात.