विश्वसाहित्याचा वर्ग

गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. बी. ए. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. तौलनिक साहित्य हा विषय घेऊन एम. ए. करावे असे तिच्या मनात होते. तर 'सर, देशोदेशीच्या गोष्टी वाचून हिला नोकरी कोण देणार?' हा वडिलांचा प्रश्न. मुलगी मात्र वेगळ्याच शंकेने खचली होती. "सर, मला एकही भाषा धड येत नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड, परीक्षेला इंग्रजी. मी जगाचे साहित्य काय शिकणार?" ते ऐकून मला अपराध्यासारखे झाले. आठवीत तिच्या निबंधातले कन्नड शब्द लाल शाईने खोडणारा मीच होतो.

त्या संध्याकाळी त्या दोघांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

'विश्वसाहित्य' ही कल्पना जगभर पोचवली ती जर्मन महाकवी गटे याने. १८२७ च्या जानेवारीत वायमार येथे आपला सहकारी एकरमान याच्याशी बोलताना त्याने तिचा उच्चार केला. निमित्त होते एका चिनी कादंबरीचे. गटेने ती वाचली होती भाषांतरातच! कालिदासाच्या 'शाकुंतला'ने तो भारावला, तेही भाषांतरातूनच. विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरावरून १७९१ साली फॉर्स्टरने केलेला जर्मन अनुवाद त्याच्या हाती आला होता. म्हणजे उसन्या भाषेतून वाचणारा विद्यार्थी कमी प्रतीचा, ही समजूत या विषयाच्या उगमापाशीच खोटी ठरते.

आपल्याकडे हा विचार आला तो स्वदेशीच्या धामधुमीत. १९०५ च्या वंगभंगानंतर, १९०६ साली, कलकत्त्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष हे बडोद्याची, सयाजीराव महाराजांची नोकरी सोडून आलेले. या परिषदेने १९०७ साली रवींद्रनाथांना तौलनिक साहित्यावर व्याख्यान देण्याची विनंती केली. रवींद्रनाथांनी त्या विषयाला आपल्या भाषेतले नाव दिले, 'विश्वसाहित्य'. परक्या वस्तूंच्या होळ्या पेटत होत्या त्याच काळात, साहित्याकडे देशांच्या कुंपणापलीकडून पाहा, असे हा कवी सांगत होता.

रवींद्रनाथांची ही दृष्टी घडण्यात आपल्या मुलखाचाही थोडा वाटा आहे. १८७८ साली विलायतेला जाण्यापूर्वी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले आणि त्यांची कन्या अन्नपूर्णा तर्खड हिच्याकडे इंग्रजीचे धडे घेतले. पुढे १८८३ साली थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना ते तेथे येऊन राहिले. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य त्या समुद्रकाठचे. सत्येंद्रनाथांनी तर तुकोबांचे अभंग बंगालीत नेले.

त्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेतूनच १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उभे राहिले आणि १९५६ साली कवी बुद्धदेव बसू यांनी तेथे तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला. भारतातला हा पहिलाच विभाग. त्या पहिल्या वर्गात बसलेल्या मुलामुलींचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. आधीच्या तुकडीच्या वह्या नाहीत, मार्गदर्शके नाहीत, आणि 'हा विषय घेऊन पुढे काय?' या प्रश्नाला दाखवायला एकही उदाहरण नाही. शिक्षक मात्र कसे, तर कालिदासाचे 'मेघदूत' आणि फ्रेंच कवी बोदलेर, दोघांनाही थोड्याच वर्षांच्या अंतराने बंगालीत आणणारे स्वतः बुद्धदेव बसू. आणि मलार्मे, हाइने यांच्या कवितांचे अनुवाद करणारे कवी सुधींद्रनाथ दत्त. जगाचे साहित्य वाचायचे ते आपल्या भाषेत काही घेऊन येण्यासाठी, हे त्या वर्गाला शिक्षकांच्या कामातच दिसत होते.

त्या पहिल्या तुकडीत नवनीता देवसेन होत्या. १९५८ साली त्या एम. ए. झाल्या, पुढे हार्वर्ड आणि इंडियाना या अमेरिकन विद्यापीठांत शिकल्या आणि परत येऊन जादवपूरलाच शिकवू लागल्या. २०१९ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय होता बायकांचे रामायण. बंगालची चंद्रावती, मैथिली आणि तेलुगू स्त्रियांची गाणी, आणि त्यांच्या जोडीला आपल्या मराठी बायकांची गाणी! रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेचे दुःख या सगळ्याजणी आपापल्या बोलीत कसे गातात, हे त्यांनी दाखवले. जग पालथे घालून आलेली ही विदुषी अखेर जात्यापाशी येऊन बसली, असेच मला वाटते.

वडिलांना मी नोकरीची हमी दिली नाही; ती माझ्या हाती नाही. एवढेच म्हटले, की आपले पु. ल. देशपांडे वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात गेले. तुमच्या मुलीला दुसरी भाषा अंगणातच मिळाली आहे. या विषयाचे अर्धे भांडवल तिच्या गाठीशी आहे.

मुलीला विचारले, "तुझ्या आजीला सीतेच्या ओव्या येतात ना? लिहून काढल्यास का?"

ती संकोचून म्हणाली, "नाही सर. त्यांत मध्येमध्ये कन्नड शब्द आहेत."

मी म्हटले, "तेवढे जपून लिही."

गणेश चतुर्थीला ती पुन्हा आली. प्रवेश मिळाला होता. हातात एक वही होती. पहिल्या पानावर आजीचे नाव आणि खाली एकोणीस ओव्या. सवयीने माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मग मी चष्मा पुसला आणि ओव्या नुसत्या वाचल्या.