बालसुरक्षा, प्राथमिक शाळेतील (डहाणू–तलासरी)

प्राथमिक वयाच्या मुलाचे शाळेत व मोबाइलवर होणाऱ्या छळापासून संरक्षण. वाढवणच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत ते कायद्याइतकेच, किंबहुना अधिक, मुलाची बोली समजणाऱ्या मोठ्या माणसावर अवलंबून आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम करताना शाळाच पाड्याच्या अंगणात, गुरे चरतात त्या कुरणात नेली. हेतू शिक्षणाचा होता. तरी मूल ओळखीच्या नजरेत राहिले. निवासी आश्रमशाळेत ही नजर तुटते, मग तेथे मिळणारे जेवण व शिक्षण कितीही मोलाचे असो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले, दुभाष्याचीही तरतूद केली. बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणात (२०२४) न कळवल्याच्या आरोपावरून संस्थाचालकांवरही गुन्हा नोंदवला गेला. पण वारली बोलणारे सहा वर्षांचे मूल मुळात सांगणार कोणाला?

शाळेत सीसीटीव्ही बसवणे हे यावरचे उत्तर अपुरे आहे. कॅमेरा वर्गात लावता येतो, स्वच्छतागृहात नाही. घरातल्या मोबाइलपुढे तर तो निरुपयोगीच. ओळखीच्या नजरेवर भिस्त ठेवावी तर घरही सुरक्षित नसते, हा आक्षेप मात्र खरा आहे: पॉक्सोच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. म्हणूनच सांगण्याच्या जागा एकाहून अधिक हव्यात: घरचे, शिक्षिका, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि धमकीचा संदेश दाखवणाऱ्या मुलाचाच मोबाइल शिक्षा म्हणून काढून घेतला, तर पुढचा संदेश ते दाखवणार नाही.