लठ्ठपणाचा पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर काय परिणाम होतो?

मूल होत नसेल तर बहुतेक घरांत आधी पत्नीच्याच तपासण्या सुरू होतात. पण कारण पतीमध्येही असू शकते, आणि वाढलेले वजन हे त्यांपैकी एक आहे. भारतीय पुरुषांमध्ये कमरेचा घेर ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर तो पोटाचा लठ्ठपणा मानतात.

शुक्राणू कमी का होतात?
चरबीतील अ‍ॅरोमॅटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. इस्ट्रोजेन वाढले की पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना मिळणारे संदेश कमी होतात आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते. शिवाय वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. मांड्या व ओटीपोटावरील चरबीमुळे तेथील उष्णता वाढते.

काय करावे?
• वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नसेल, तर दोघांनीही एकाच वेळी तपासणी करून घ्यावी. पत्नीचे वय ३५ पेक्षा जास्त असल्यास सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांना भेटावे.
• वीर्यतपासणीपूर्वी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळावे.
• आहारात तळलेले व गोड पदार्थ कमी करावेत, रोज भरभर चालावे. दारू आणि तंबाखू बंद करावी.
• जिममध्ये कोणी सुचवले म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेऊ नका. त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती पूर्ण थांबू शकते.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आज सुरू केलेल्या बदलांचा परिणाम तपासणीत दिसायला किमान तीन महिने जातात. तोपर्यंत धीर सोडू नका.