मतदाराची ओळख, उमेदवाराची ओळख आणि कोर्टाचं घड्याळ

मतदान केंद्रावर आपली ओळख पटवायला दोन मिनिटं पुरतात. 1993 साली शेषन यांनी छायाचित्र ओळखपत्राचा आग्रह धरला, त्यावरून केवढा वाद झाला! पण लक्षात घ्या, कार्ड खिशात आहे आणि यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. याउलट यादीत नाव असेल, तर कार्डाऐवजी आयोगाने ठरवून दिलेली दुसरी कागदपत्रंही चालतात.

ही झाली मतदाराची ओळख. उमेदवाराच्या ओळखीचं काय?

2019 मध्ये अमरावती या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघातून नवनीत राणा लोकसभेवर गेल्या. जून 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं जात प्रमाणपत्र रद्द ठरवलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. अंतिम निकाल आला 4 एप्रिल 2024 ला: प्रमाणपत्र वैध. पडताळणी समितीनं तपासलेला पुरावा उच्च न्यायालयानं पुन्हा तोलायला नको होता, असं त्यात म्हटलं होतं. तोवर लोकसभेची मुदत संपत आली होती आणि पुढच्या निवडणुकीचे अर्जही भरले जात होते.

आता शेजारी अकोल्यात या. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा 3 नोव्हेंबर 2023 ला वारले. आयोगानं लोकसभेबरोबरच, 26 एप्रिल 2024 ला, पोटनिवडणूक लावली. 26 मार्चला नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. मुद्दा असा होता, की निवडून येणाऱ्याला वर्षभराचाही कार्यकाळ उरत नव्हता, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 151क नुसार अशा वेळी पोटनिवडणुकीचं बंधन नसतं.

खरं तर 1952 च्या पोन्नुस्वामी खटल्यापासूनचा दंडक असा, की निवडणूक सुरू झाली की कोर्टानं मध्ये पडायचं नाही, तक्रार निकालानंतर करायची. इथे मात्र कोर्ट आधीच आलं. त्यामुळे अनावश्यक खर्च वाचला असेल. पण नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे वर्षभर, अकोला पश्चिमच्या लोकांना आमदारच नव्हता, हेही तेवढंच खरं.

म्हणून न्यायालयीन सक्रियता चांगली की वाईट, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. अकोल्यात कोर्ट झटपट आलं, अमरावतीत शेवटचा शब्द जवळजवळ तीन वर्षांनी आला. एका ठिकाणी जागा रिकामी राहिली, दुसऱ्या ठिकाणी भरलेल्या जागेवर प्रश्नचिन्ह राहिलं.

राखीव जागेवरच्या प्रमाणपत्राचा वाद ठरावीक महिन्यांत शेवटच्या पायरीपर्यंत निकाली निघालाच पाहिजे, आणि रिकाम्या जागेचं वेळापत्रक आयोगानं पहिल्याच महिन्यात जाहीर केलं पाहिजे. मतदाराकडून दोन मिनिटांत ओळख मागणाऱ्या व्यवस्थेला एवढी घाई शोभेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.